ओंडक्यावर ठसा, चित्रावर काय?

दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग महाराष्ट्र सोडण्याआधी ज्या शेवटच्या मोठ्या जंक्शनवर थबकतो, ते बल्लारशाह. गावाचं नाव बल्लारपूर. वर्धा नदीकाठच्या किल्ल्यातून गोंड राजांनी इथे राज्य केलं, पुढे राजधानी चंद्रपूरला गेली, आणि राजाचं नाव रेल्वेच्या पाटीवर राहिलं. गाडी थांबते तेवढ्या वेळात चहाला उतरलेले प्रवासी भिंतींकडे बघतात. ताडोबाचे वाघ, रान, पाखरं, आदिवासी जीवनाची दृश्यं. मे 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना मिळून देशातलं पहिलं, 10 लाख रुपयांचं बक्षीस मिळालं. दुसरा क्रमांक बिहारमधल्या मधुबनीने आणि तमिळनाडूतल्या मदुराईने वाटून घेतला. बक्षिसावर नावं स्थानकांची होती, कारण स्पर्धाच स्थानकांची होती. चित्रं कुणाच्या हातची, हा प्रश्न तिच्या चौकटीत बसत नव्हता.

त्याच महिन्यात, 15 मे 2018 रोजी, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये जिव्या सोमा म्हशे वारले. ज्या वारली आकृत्या आज राज्यभरच्या शाळांच्या, पंचायत समित्यांच्या आणि उड्डाणपुलांच्या भिंतींवर फेर धरून नाचताना दिसतात, त्यांना भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगात नेणारा हा माणूस. त्या भिंतींखालून रोज जाणाऱ्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल?

संपादकांनी यंदा ‘भिंत’ हा विषय दिला तेव्हा बल्लारपूरच्या भिंतींपासून सुरुवात करणं स्वाभाविक होतं. पण भिंत बघता बघता प्रश्न माणसाकडे वळतो. आदिवासी चित्रकार कसा घडतो? रक्तातून, परंपरेतून, जंगलातून, अशी उत्तरं आपल्याकडे तयार असतात. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. कुणीतरी साहित्य देतं, कामाचे पैसे देतं आणि नावाने हाक मारतं, तेव्हा तो घडतो. यातलं नाव आपण शोभेची गोष्ट समजतो. प्रत्यक्षात बाकीच्या दोन्ही गोष्टी नावाच्याच खुंटीला टांगलेल्या असतात.

आगारातला हिशेब

नावाची किंमत बल्लारपूरला कुणी शिकवायला नको. इथल्या लाकूड आगारात गेलं की कळतं. जंगलात झाड पडलं की ओंडक्यावर हातोड्याचा ठसा बसतो, क्रमांक पडतो, लांबी आणि घेर लिहिला जातो. वाहतूक परवाना नसेल तर गाडी नाक्यावर अडते. आगारात प्रतवारी होते, थप्प्या लागतात, लॉट पडतात आणि मग लिलाव. लाकूड कुठल्या जंगलातून आलं हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, कारण भाव त्यावर ठरतो. आलापल्लीचा साग म्हटलं की बोली चढते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली याच मुलखातलं सागवान गेलं, तेव्हा बल्लारपुरात लाकडाचं पूजन झालं आणि मिरवणूक निघाली. लाकूड कुठलं, हे त्या वेळी देशभर सांगितलं गेलं.

बांबूचंही तेच. 1945 साली स्ट्रॉ बोर्डाची गिरणी म्हणून स्थापन झालेली कंपनी पुढे कागदातलं मोठं नाव झाली, आणि गडचिरोलीच्या रानातला बांबू दशकानुदशकं बल्लारपूरच्या भट्ट्यांकडे येत राहिला. तो कुणाचा, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने तो विचारला. वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक हक्क मिळाले तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता, आणि परवान्याशिवाय हक्क म्हणजे नुसता कागद. गाव अडून बसलं. 2011 साली तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोच बांबू, तेच रान, तोडणारे हातही तेच. बदललं ते परवान्यावरचं नाव, आणि त्यासरशी विक्रीचा पैसा कुणाकडे जाणार हेही.

म्हणजे याच जिल्ह्यांत, याच लोकांनी, नाव आणि हक्क यांचं नातं व्यवहारात सिद्ध करून दाखवलं आहे. ओंडक्याला जे मिळतं, बांबूला जे मिळालं, ते चित्राला का मिळू नये?

गंजाडचा माणूस

जिव्यांचा जन्म 1934 च्या सुमाराचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली आणि मुलाचं बोलणं थांबलं. बराच काळ तो धुळीत रेघा ओढून सांगायचं ते सांगे. त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही हकिगत येते आणि बहुधा दंतकथा रचण्यापुरती वापरली जाते. तिच्यात एक अगदी कामाची गोष्ट आहे. या माणसाच्या हाताला चित्र लागलं ते विधीसाठी नव्हे, समोरच्याला काहीतरी कळवण्यासाठी. पुढचं सगळं इथून उलगडतं.

वारल्यांच्या घरी चित्र म्हणजे चौक. लग्नात शेणागेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. काम बायकांचं, आणि त्या कार्यापुरतं. लग्न आटोपलं की चित्र चुलीच्या धुराने काळवंडत जातं. ते टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. जिव्या हा पुरुष, आणि लग्न नसतानाही चित्र काढणारा. गावच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चमत्कारिकच.

1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी या भागात येऊ लागले. हे स्वतः चित्रकार आणि सरकारी हातमाग-हस्तकला यंत्रणेतले नोकर. त्याआधी, बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळात, त्याच यंत्रणेतल्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत धाडलं होतं. घरांच्या भिंती रंगवणाऱ्या बायकांच्या हाती कागद द्या, चित्रं विकली जातील आणि चूल पेटेल, असा तो विचार होता. तोच कागद घेऊन ते वारली पाड्यांवर फिरले. कागद हाती आल्यावर जे त्यात बुडून गेले ते जिव्या. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुलकर्णींनी चित्रं आणली होती तशी नावही आणलं होतं, हे इथे विसरायचं नाही. ‘वारली भित्तिचित्रे’ एवढ्याच पाटीखाली ती टांगली असती तर पाहणाऱ्यांनी जमातीचं कौतुक केलं असतं आणि विषय संपला असता.

नाव मिळालेल्या माणसाने पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. चौकातली आकृती ठरलेली असते: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. जिव्यांनी ती घेतली आणि तिला कामाला लावलं. त्यांची माणसं पेरतात, झोडपतात, भांडतात, ताडावर चढतात, ओझ्याखाली वाकतात. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळंच सगळी जागा व्यापतं. बारीक, किंचित थरथरत्या रेघांनी विणलेली हजारो घरं, त्यांत अडकलेले मासे, आणि माणूस कुठेतरी कडेला. दुरून ते पाण्यासारखं हलतं, जवळ गेलं की एकेक रेघ वेगळी दिसते. मुंग्यांची रांग काढली तर तीही मोजून काढल्यासारखी. या चित्रांत विधी नाही. एका माणसाने एका जागी दीर्घकाळ केलेलं निरीक्षण आहे. सरकारी भिंतीवरच्या ‘वारली’ आकृतीशेजारी ते ठेवून पाहावं. तिथे त्रिकोण पट्टीने आखलेले, फेर कंपासाने काढलेला, सगळे एकाच उंचीचे आणि सगळे खूश. जिव्यांची माणसं इतकी खूश कधीच नसत.

1989 साली पॅरिसमध्ये ‘मॅजिशियन्स द ला तेर’ हे गाजलेलं प्रदर्शन झालं. पाश्चात्त्य आणि इतर जगातल्या कलावंतांना एकाच छताखाली, एकाच पातळीवर मांडण्याचा तो प्रयत्न होता. त्यात जिव्या होते आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँगही. 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात या दोघांच्याच कामाचं प्रदर्शन भरलं. लाँग मातीने आणि चालण्याने वर्तुळं करणारे, जिव्या शेणगेरूवर पांढऱ्या रेघांनी. 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आला. पद्मश्री मिळायला 2011 उजाडलं, म्हणजे पॅरिसनंतर 22 वर्षं गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, 2010 च्या दिवाळीत, कोका-कोलाने आपल्या जाहिरातीत वारली आकृत्या नाचवल्या होत्या. बाजाराला आकृती सापडायला वेळ लागत नाही, राज्याला माणूस सापडायला लागतो.

‘गोंड चित्र’ म्हणजे कुणाचं?

बल्लारपूर गोंडांचं. मग इथल्या भिंतींवर गोंड चित्र असणं अगदी घरचं वाटतं. टिंबांनी आणि बारीक रेघांनी अंग भरलेला वाघ, शिंगांतून झाड फुटलेलं हरीण, हे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. पण ही शैली चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड-माडियांकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली नाही. भामरागड-एटापल्लीकडचा माडिया हात दिसतो तो कोरलेल्या लाकडी खांबांत, गोटुलाच्या बांधणीत, विणकामात. चंद्रपूरच्या कोटाच्या दारांवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, तोही दगडात. टिंबारेघांचा वाघ दूरवरून आला. तिथेही तो फार जुना नाही.

मध्य प्रदेशात, नर्मदेच्या उगमाकडच्या पाटनगढ नावाच्या गावात जनगढसिंह श्याम नावाचा परधान तरुण होता. परधान म्हणजे गोंडांचे भाट, बाना वाजवून वंशावळ्या आणि देवकथा गाणारे. भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं. चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी गावोगाव पाठवलेल्या तरुणांना त्याचं भिंतीवरचं काम दिसलं. ते त्याला भोपाळला घेऊन आले, कागद दिला, पोस्टर रंग दिले, राहायला जागा दिली. घरच्या भिंतीवरचं मातीचं उठावकाम, गोंदण, गाण्यातले देव, यांतून त्या मुलाने एक नवीच भाषा रचली. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीवर त्याची चित्रं आहेत. त्याच्यामागून आलेल्या नात्यागोत्यातल्या चित्रकारांनी ती भाषा वाढवली. भज्जू श्याम यांना 2018 मध्ये, दुर्गाबाई व्याम यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. जाणकार या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. बाजार तिला ‘गोंड आर्ट’ म्हणतो, आणि दुकानात चालतं ते बाजाराचंच नाव. जनगढने 3 जुलै 2001 रोजी जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना आत्महत्या केली. चाळिशीच्या आसपासचा माणूस, घरापासून हजारो किलोमीटरवर.

हे ध्यानात घेतलं की बल्लारपूरचा प्रश्न उलटा दिसू लागतो. इथे जनगढच्या तोडीचा चित्रकार का पुढे आला नाही? गोंड इथे आहेत, परधानही आहेत, कथा आहेत, वाघ तर आहेतच. देशभरच्या वह्यापुस्तकांना कागद पुरवणारी गिरणीसुद्धा इथलीच. नव्हतं ते भारत भवन, आणि पाड्यांवर मुक्काम टाकून बसणारा कुलकर्णी. जंगलातून बांबू बाहेर आला, त्याचा कागद झाला आणि तो देशभर गेला. कोरा कागद घेऊन उलट वाटेने जंगलात जाणारं कुणी या मुलखाच्या वाट्याला आलं नाही. रक्ताचा सिद्धांत इथेच कोसळतो. रक्त दोन्हीकडे सारखंच होतं.

ओक्लाहोमातली टपाल कार्यालयं

अशीच एक गोष्ट अमेरिकेत घडली आहे, आणि ती आपल्याला जास्त उपयोगी आहे, कारण तिच्यात सरकारी भिंत आहे. मस्कोगी, ज्यांना क्रीक असंही म्हणतात, हे मूळचे अलाबामा-जॉर्जियाकडचे लोक. 1830 च्या दशकात त्यांना सैन्याच्या पहाऱ्यात हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेलं. रस्त्यात माणसं मेली. शंभर वर्षांनी, मंदीच्या काळात, अमेरिकी सरकारने लहान लहान गावांच्या टपाल कार्यालयांत भित्तिचित्रं काढायचं ठरवलं. त्यातलं सेमिनोल गावचं काम 1939 साली आणि कोलगेटचं 1942 साली अ‍ॅसी ब्लू ईगल या मस्कोगी चित्रकाराकडे आलं. मरिएटा गावचं सॉलोमन मकोम्ब्ज या दुसऱ्या मस्कोगी चित्रकाराकडे. भिंत सरकारची, पैसा सरकारचा, विषय आदिवासी जीवनाचा, म्हणजे बल्लारशाहसारखंच सगळं. फरक एवढाच की काम चित्रकाराला नावाने दिलं गेलं, आणि आज ऐंशी वर्षांनंतरही अमुक गावच्या भिंतीवर अमुक माणसाचं चित्र, अशी नोंद सापडते. ब्लू ईगल यांनी 1935 पासून मस्कोगी शहरातल्या बेकोन कॉलेजात कलाविभाग चालवला आणि तिथून पुढच्या पिढ्या शिकून निघाल्या. जेरोम टायगर हा त्यानंतरचा, फारसं रीतसर शिक्षण न घेतलेला. 1967 साली 26 व्या वर्षी बंदुकीच्या अपघातात गेला, तोवर त्याने शेकडो चित्रं काढली होती. त्याच्या चित्रांत हुसकावलेले पूर्वज वाऱ्यात वाकून चालताना दिसतात.

तिथेही सगळं गोड नव्हतं. टल्सा शहरातल्या फिलब्रुक कलाकेंद्रात 1946 पासून आदिवासी चित्रकारांची वार्षिक स्पर्धा होई. 1958 साली ऑस्कर हाऊ या डकोटा चित्रकाराचं चित्र परीक्षकांनी बाद केलं. कारण काय, तर ते ‘पारंपरिक इंडियन शैलीत’ नाही. हाऊंनी खरमरीत पत्र लिहिलं. आम्ही कायम एकाच तऱ्हेची चित्रं काढायची, असं ठरवणारे तुम्ही कोण, असा त्याचा रोख होता. नियम सैल करावा लागला. हा प्रसंग इथे आणायचं कारण असं की शैलीला जमातीचं नाव आणि माणसाला काहीच नाही, ही व्यवस्था फक्त मान हिरावत नाही. ती चित्रकाराचा पुढचा रस्ताही बंद करते. ज्याचं नाव नसतं त्याला बदलण्याची मुभा नसते. तो बदलला की ते ‘खरं वारली’ उरत नाही. अमेरिकेने 1990 साली कायदाच केला: आदिवासीने न केलेली वस्तू आदिवासी कला म्हणून विकली तर तुरुंग. आपल्याकडे वारली चित्राला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते समूहाची राखण करतं, आणि ते हवंच. पण त्या चित्राखाली कुणाचं नाव असावं, याबद्दल मानांकन बोलत नाही.

सही हवीच कशाला?

यावरचा पहिला आक्षेप नेहमीचा आणि वरवर भारदस्त आहे. आदिवासी कला सामूहिक असते, सहीची हाव पश्चिमेची, ती त्यांच्यावर कशाला लादता? पण गावातलं चित्र खरंच निनावी असतं का? चौक कुणी लिहिला, हे लग्नाला आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. चांगल्या हाताच्या बाईला चार गावांतून बोलावणं येतं. सही लागत नाही कारण ओळख आधीच आहे. चित्र गाव सोडून रेल्वेच्या फलाटावर आलं की ती ओळख तुटते. निनावीपणा परंपरेतून येत नाही, तो प्रवासात लागतो. ओंडका जंगलात उभा असतो तोवर त्यालाही ठसा लागत नाही.

दुसरा आक्षेप खरोखर जड आहे. चौक बायकांचा होता. बाजार आला, नाव आलं, आणि वारल्यांमध्ये ते पुरुषांना मिळालं. जिव्यांचं मोठेपण मान्य करूनही हे नाकारता येत नाही, आणि नाकारूही नये. तरी यावरून नाव वाईट ठरत नाही. कागद कुणाच्या हाती पडला यावर नाव कुणाचं होणार ते ठरलं, एवढंच यातून निघतं. मिथिलेत कागद बायकांच्या हाती दिला गेला, म्हणून सीतादेवी, गंगादेवी, बौआदेवी ही नावं देशाला माहीत झाली. त्याच मधुबनीत 2017 साली स्थानकाच्या भिंती दोनशेहून जास्त कलावंतांनी श्रमदानाने रंगवल्या, हेही सांगितलं पाहिजे. बक्षीस रेल्वेला, कष्ट फुकट. एकदा मिळवलेलं नाव समूहाच्या कौतुकात पुन्हा विरघळवायला काही वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप दफ्तरी आहे. भिंत आमची, पैसे आम्ही दिले, मग नावाचा प्रश्न कुठे येतो? याचं उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे. हक्क विकल्यानंतरही कर्त्याचा ‘हे माझं’ म्हणण्याचा अधिकार शिल्लक राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं प्रचंड भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून टाकलं आणि त्याची नासधूस झाली. सहगल कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. तिथेही भिंत सरकारचीच होती. जागा अपुरी पडते हे कारण तर कुणी देऊच नये. आपल्या कोनशिलांवर उद्घाटकापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळे मावतात.

बल्लारपूर-चंद्रपूरला हे करायला फार मोठ्या योजनेची गरज नाही. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. ग्रामसभा हक्काचा व्यवहार शिकलेल्या आहेत. भिंती रंगवण्याची हौस सरकारी खात्यांना आहेच, आणि ती चांगली गोष्ट आहे. पाड्यांवर कागद-रंग घेऊन जाणारं आणि बायकांच्या हाती आधी देणारं एखादं केंद्र विद्यापीठाने चालवावं. भिंतींची कामं सहसा चौरस फुटाच्या दराने कंत्राटदाराला जातात, आणि प्रत्यक्ष हात कुणाचा हे बिलात दिसत नाही. रेल्वे, वनविभाग आणि नगरपरिषद यांनी पुढच्या निविदेत दोन अटी घालाव्यात. चित्रकाराचं नाव, गाव आणि साल चित्रावरच लिहिलं जाईल. आणि मोबदला चित्रकाराच्या खात्यात थेट जमा होईल.